हेन्री कॅव्हेंडिश

हेन्री कॅव्हेंडिश (१० ऑक्टोबर १७३१, नीस – २४ फेब्रुवारी १८१०, लंडन) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. हायड्रोजन वायूचा पहिला पद्धतशीर अभ्यास, दोन वायूंच्या संयोगातून पाणी तयार होते हे दाखवणारे प्रयोग आणि पृथ्वीच्या सरासरी घनतेचे मापन ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कामे होत. अत्यंत अबोल, संकोची आणि ठरावीक दिनक्रमाला चिकटून राहणारे म्हणून ते हयातीतच ओळखले जात. मृत्यूनंतर दीर्घकाळ त्यांची प्रतिमा भावनाशून्य व माणूसघाण्या विक्षिप्ताची राहिली. २००१ मध्ये चेतासंस्थातज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी कॅव्हेंडिश स्वमग्न असावेत असे मत मांडले. तेव्हापासून, स्वमग्न प्रौढांचे आयुष्य कसे असते आणि त्याविषयी कोणते गैरसमज आहेत, या चर्चेत त्यांच्या चरित्राचा दाखला वारंवार दिला जातो.

जन्म आणि शिक्षण

कॅव्हेंडिश यांचे घराणे इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत उमराव घराण्यांपैकी एक होते. वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे डेव्हनशरच्या दुसऱ्या ड्यूकचे पुत्र, तर आई लेडी ॲन ग्रे या केंटच्या ड्यूकच्या कन्या होत्या. आईच्या प्रकृतीसाठी हे दांपत्य नीस येथे राहिले असताना हेन्री यांचा जन्म झाला; नीस त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते. धाकटे बंधू फ्रेडरिक यांच्या जन्मानंतर, १७३३ मध्ये आईचे निधन झाले. हेन्री त्या वेळी दोन वर्षांचेही नव्हते.

लंडनजवळच्या हॅकनी येथील शाळेत शिकून ते १७४८ मध्ये केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात दाखल झाले, मात्र पदवी न घेताच बाहेर पडले. उमरावांच्या मुलांनी पदवी न घेणे त्या काळी सर्वसाधारण होते, म्हणून यातून फार अर्थ काढता येत नाही.

वडिलांचा वाटा मात्र मोठा आहे. लॉर्ड चार्ल्स स्वतः रॉयल सोसायटीचे सदस्य होते. दिवसातील कमाल व किमान तापमान दाखवणाऱ्या तापमापकांसाठी १७५७ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले होते. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील घरात त्यांनी मुलाला प्रयोगांसाठी जागा आणि उपकरणे दिली. रॉयल सोसायटीच्या सभांना आणि भोजनांनाही ते त्याला बरोबर घेऊन जाऊ लागले. १७६० मध्ये हेन्री रॉयल सोसायटीचे आणि तिच्या भोजनमंडळाचे सदस्य झाले. १७८३ मध्ये वडील वारले तोपर्यंत पितापुत्र एकाच घरात राहिले. ज्या तरुणाला अनोळखी माणसाशी दोन वाक्ये बोलणेही जड जात असे, त्याला परिचित चेहऱ्यांचे, ठरलेल्या दिवशी भरणारे आणि एकाच विषयावर बोलणारे मंडळ वडिलांमुळे मिळाले. पुढची पन्नास वर्षे त्यांचे सामाजिक जीवन याच मंडळाभोवती उभे राहिले.

संशोधन

१७६६ मध्ये कॅव्हेंडिश यांनी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या वायूंवरील निबंध प्रसिद्ध केले. धातूंवर आम्लाची क्रिया केली असता निघणारा वायू त्यांनी गोळा केला, त्याचे वजन केले आणि तो सामान्य हवेपेक्षा कितीतरी हलका असल्याचे दाखवले. त्यांनी त्याला ज्वलनशील हवा म्हटले. पुढे त्यालाच हायड्रोजन हे नाव मिळाले. या कामासाठी त्यांना कॉप्ली पदक देण्यात आले.

१७८१ मध्ये त्यांनी साठेक दिवस वातावरणातील हवेचे नमुने तपासले. हवेतील ज्या घटकाला आज ऑक्सिजन म्हणतात त्याचे प्रमाण त्यांच्या मापनानुसार सुमारे २०.८३ टक्के होते. आजची संख्या २०.९५ टक्के आहे. १७८४ मध्ये त्यांनी ज्वलनशील हवा आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणात विद्युत ठिणगी टाकून पाणी तयार केल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ मात्र त्यांनी तेव्हाच्या फ्लॉजिस्टन सिद्धांतानुसारच लावला. त्यापुढील वर्षी हवेतील नायट्रोजन काढून टाकताना एक बारीकसा बुडबुडा काही केल्या नाहीसा होईना. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून अधिक नाही, एवढी नोंद करून त्यांनी तो विषय सोडला. ११० वर्षांनी रॅले आणि रॅमसे यांनी आर्गॉनचा शोध लावला तेव्हा त्या बुडबुड्याचे रहस्य उलगडले.

विद्युतशास्त्रातील त्यांचे बहुतेक काम अप्रकाशित राहिले. विद्युतप्रवाह मोजण्याचे साधन उपलब्ध नसल्याने ते स्वतःच्या शरीरातून झटका जाऊ देत आणि दोन झटक्यांची तीव्रता ताडून पदार्थांची वाहकता ठरवत. विद्युतभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते हे त्यांनी कूलोम यांच्या आधी प्रयोगाने दाखवले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ही हस्तलिखिते संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी त्यातील काही प्रयोग पुन्हा करून पाहिले. अनेक चरित्रकार हे काम न छापण्याचा संबंध लाजाळूपणाशी जोडतात. परंतु कॅव्हेंडिश यांनी जे छापले ते पाहता, निष्कर्षाची खात्री पटल्याखेरीज तो बाहेर जाऊ न देण्याची त्यांची सवय हेही तितकेच पटण्याजोगे कारण आहे.

पृथ्वीची घनता मोजण्याचा प्रयोग त्यांनी १७९७–९८ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी केला. त्याची कल्पना आणि उपकरण त्यांचे मित्र जॉन मिचेल यांचे होते. मिचेल १७९३ मध्ये वारल्यानंतर ते उपकरण कॅव्हेंडिश यांच्याकडे आले आणि त्यांनी त्याचा बराचसा भाग नव्याने बांधला. सहा फूट लांबीचा लाकडी दांडा एका तारेने टांगलेला होता आणि त्याच्या दोन टोकांना शिशाचे दोन इंची गोळे होते. त्यांच्या जवळ प्रत्येकी सुमारे १५८ किलोग्रॅम वजनाचे दोन मोठे गोळे आणले की दांडा किंचित वळे आणि तारेला बसलेल्या पिळावरून आकर्षणाचे बल काढता येई. हे बल इतके क्षीण होते की प्रयोग करणाऱ्याच्या अंगाच्या उष्णतेने हवेत निर्माण झालेला प्रवाहही मापन बिघडवू शकला असता. त्यामुळे सारे उपकरण बंद खोलीत ठेवून कॅव्हेंडिश यांनी भिंतीत बसवलेल्या दुर्बिणींतून, बाहेर उभे राहून निरीक्षणे घेतली. निष्कर्ष असा होता की पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे. आजचे मूल्य ५.५१ आहे. गंमत म्हणजे अचूकतेसाठी ख्यात असलेल्या या शास्त्रज्ञाकडून सरासरी काढताना आकडेमोडीत एक चूक झाली होती. ती फ्रान्सिस बेली यांनी पुढे दाखवून दिली. शुद्ध सरासरी ५.४५ च्या आसपास येते.

भारतीय वाचकांना त्यांचा एक कमी परिचित निबंध विशेष वाटावा. १७९२ मध्ये त्यांनी हिंदूंचे व्यावहारिक वर्ष आणि त्याचे विभाग यांवर फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये लिहिले. त्यासाठी त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार चार्ल्स विल्किन्स यांच्या संग्रहातील तीन पंचांगांचा अभ्यास केला होता.

राहणी आणि दिनक्रम

वडिलांच्या निधनानंतर कॅव्हेंडिश यांनी लंडनच्या दक्षिणेला क्लॅपहॅम कॉमन येथे घर घेतले. दिवाणखान्यात प्रयोगशाळा, शेजारच्या खोलीत भट्टी आणि वरच्या मजल्यावर वेधशाळा अशी त्याची मांडणी होती. शहरातील बेडफर्ड स्क्वेअर येथे त्यांचे दुसरे घर होते. त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह अभ्यासकांना खुला होता आणि त्यासाठी ग्रंथपाल नेमलेला असे. स्वतःच्याच संग्रहातून पुस्तक नेताना तेदेखील इतरांप्रमाणे पावती लिहून ठेवत.

त्यांचा पोशाख आयुष्यभर जवळजवळ एकच होता: फिकट पडलेला जांभळा कोट, उंच कॉलर, झालरीच्या बाह्या आणि तीन कोनांची जुनी टोपी. जेवणाची सूचना ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवत. जिन्यात एका मोलकरणीशी अनपेक्षित गाठ पडल्यानंतर त्यांनी घराला मागून दुसरा जिना बांधून घेतला, असे सांगितले जाते. फिरायला जाण्याची वेळ आणि वाट ठरलेली असे. परिसरातील दोन स्त्रिया आपल्याला न्याहाळतात हे कळल्यावर ते अंधार पडल्यावर फिरू लागले. अनपेक्षित भेट, रोखून पाहणारी नजर आणि तोंडावर केलेली स्तुती या तीन गोष्टी त्यांना असह्य होत. सर जोसेफ बँक्स यांच्या घरच्या एका मेळाव्यात एका ऑस्ट्रियन पाहुण्याने त्यांच्या थोरवीचे लांबलचक वर्णन सुरू केले. कॅव्हेंडिश मान खाली घालून उभे राहिले आणि गर्दीत फट दिसताच बाहेर पळत जाऊन आपल्या घोडागाडीत बसले.

या आठवणींपैकी बऱ्याच, त्यांना केवळ उतारवयात पाहिलेल्या लोकांनी, कित्येक वर्षांनंतर सांगितलेल्या आहेत. त्यांचा सूर साधारणपणे करमणुकीचा आहे. कॅव्हेंडिश यांना स्वतःला काय वाटत होते हे सांगणारे खासगी लेखन जवळजवळ उरलेले नाही.

सहवास

एकांतप्रिय ही ओळख कॅव्हेंडिश यांना पूर्णपणे लागू पडत नाही. रॉयल सोसायटीच्या भोजनमंडळाला ते दशकानुदशके नियमित जात. बँक्स यांच्या रविवारच्या मेळाव्यांनाही त्यांची उपस्थिती असे. तिथे येणारे त्यांच्याशी बोलण्याची रीत शिकून घेत: थेट त्यांच्याकडे पाहायचे नाही, जवळ उभे राहून जणू रिकाम्या जागेशी बोलावे तसा एखादा शास्त्रीय मुद्दा काढायचा आणि वाट पाहायची. मुद्दा सकस असला तर उत्तर मिळे, आणि ते उत्तर ऐकण्यासारखे असे. येथे जुळवून घेण्याचे काम एकट्या कॅव्हेंडिश यांच्यावर पडले नव्हते. मंडळानेही आपल्या बाजूने थोडी वाट बदलली होती.

सामूहिक कामात तर ते नेहमी पुढे असत. शुक्राच्या १७६९ मधील अधिक्रमणाच्या निरीक्षणाची तयारी, पर्वताच्या आकर्षणावरून पृथ्वीची घनता काढण्याची शिहॅलियन येथील मोहीम आणि सोसायटीच्या हवामानविषयक उपकरणांची तपासणी या सर्वांसाठीच्या समित्यांवर त्यांनी काम केले. पर्फ्लीट येथील दारूगोळ्याच्या कोठाराला विजेपासून संरक्षण देण्यासाठी १७७२ मध्ये नेमलेल्या समितीत त्यांच्याबरोबर बेंजामिन फ्रँकलिन होते. १७७३ पासून ते ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त होते. विद्युत मासा खरोखर विजेचाच झटका देतो हे पटवण्यासाठी त्यांनी कातड्याचा कृत्रिम मासा बनवला आणि १७७५ मध्ये जॉन हंटर, जोसेफ प्रीस्टली आदींना आपल्या प्रयोगशाळेत बोलावून त्याचा अनुभव दिला.

चार्ल्स ब्लॅग्डेन या वैद्य-शास्त्रज्ञांशी त्यांचा अनेक वर्षे निकटचा सहवास होता. १७८५ पासून दोघांनी वेल्स, मध्य इंग्लंड आणि इतरत्र प्रवास केला. खाणी, लोखंडाचे कारखाने पाहिले आणि वायुभारमापकाने डोंगरांची उंची मोजली. पाण्याच्या शोधाचे श्रेय आपले की जेम्स वॉट यांचे, असा वाद त्या वेळी सुरू असतानाही बर्मिंगहॅम येथे कॅव्हेंडिश आणि वॉट यांची भेट सलोख्याने पार पडली. मृत्युपत्रात कॅव्हेंडिश यांनी ब्लॅग्डेन यांच्यासाठी १५,००० पौंड ठेवले.

पैशाबाबत ते बेफिकीर होते. खात्यात प्रचंड रक्कम पडून असल्याचे सांगायला आलेल्या बँकेच्या माणसाला त्यांनी पुन्हा त्रास न देण्याची ताकीद दिली. आपल्याकडे पूर्वी काम केलेला ग्रंथपाल अडचणीत असल्याचे भोजनाच्या वेळी कानावर येताच त्यांनी तिथल्या तिथे १०,००० पौंड पुरतील का, अशी विचारणा केली, ही आठवणही प्रसिद्ध आहे. काय बोलायचे, किती द्यायचे याचे नेहमीचे संकेत त्यांना उमगत नसत. पण समोर आलेली अडचण त्यांना दिसत नव्हती, असे यावरून म्हणता येत नाही.

मृत्यू आणि चरित्रकार

२४ फेब्रुवारी १८१० रोजी अल्प आजारानंतर क्लॅपहॅम येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या तासांत त्यांनी सेवकाला दूर पाठवून एकटे राहणे पसंत केले, अशी कथा आहे. डर्बी येथील ऑल सेंट्स चर्चमध्ये, घराण्याच्या दफनस्थानी त्यांना पुरण्यात आले. त्यांची मालमत्ता १० लाख पौंडांहून अधिक भरली.

पहिले मोठे चरित्र स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज विल्सन यांनी १८५१ मध्ये लिहिले. त्याचा मोठा भाग पाण्याच्या शोधाच्या श्रेयवादाला वाहिलेला आहे आणि त्यात विल्सन यांनी कॅव्हेंडिश यांची बाजू भक्कमपणे मांडली. स्वभावाबद्दल मात्र त्यांचा निवाडा कठोर होता. प्रेम, द्वेष, आशा, भीती, भक्ती यांपैकी काहीच या माणसात नव्हते. तो केवळ विचार करणारे एक यंत्र होता, अशा आशयाचे त्यांचे वर्णन पुढच्या लेखकांनी जवळजवळ जसेच्या तसे उचलले. चेहऱ्यावर भावना दिसत नाही म्हणजे मनात ती नाही, हा निष्कर्ष विल्सन यांना स्वाभाविक वाटला. क्रिस्टा युंगनिकेल आणि रसेल मॅककॉरमॅक यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात समित्या, प्रवास आणि पत्रव्यवहार यांचा तपशील प्रथमच विस्ताराने आला आणि जुने चित्र बरेच बदलले.

स्वमग्नतेविषयीची चर्चा

ऑटिझम हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये वेगळ्या अर्थाने वापरला होता. ग्रुन्या सुखारेवा (१९२५), लिओ कॅनर (१९४३) आणि हान्स आस्परगर (१९४४) यांनी वर्णन केलेली मुले डोळ्यांसमोर ठेवून त्याचा आजचा अर्थ घडत गेला. तिघांचेही लेखन मुलांविषयी असल्याने स्वमग्नता ही बालपणाची बाब आहे, ही समजूत रुजली. ती मुले मोठी होऊन स्वमग्न प्रौढ होतात ही साधी गोष्ट कित्येक दशके दुर्लक्षित राहिली. मराठीतील स्वमग्नता हा शब्दही काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण स्वतःतच बुडालेला, इतरांशी देणेघेणे नसलेला माणूस त्यातून डोळ्यांसमोर येतो. कॅव्हेंडिश यांची मग्नता स्वतःत नव्हती, ती हवा, पाणी, वीज आणि आकडे यांत होती.

सॅक्स यांनी २००१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातील आपल्या टिपणात कॅव्हेंडिश यांना आस्परगर लक्षणसमूहाचे एक आरंभीचे उदाहरण मानले. बोलण्यातील शब्दशः सरळपणा, एकाच विषयावरील एकाग्रता, संख्या व मापन यांची ओढ आणि सामाजिक संकेतांची अजाणता ही त्यांची कारणे होती. आस्परगर लक्षणसमूह हे वेगळे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये रद्द करून स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात सामावून घेतले. मॅककॉरमॅक यांनी २०१४ मध्ये केवळ कॅव्हेंडिश यांच्या व्यक्तिमत्त्वावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर पुढच्याच वर्षी स्टीव्ह सिल्बरमन यांनी स्वमग्नतेच्या आपल्या इतिहासाची सुरुवात कॅव्हेंडिश यांच्यापासून केली.

दोन शतकांपूर्वी वारलेल्या व्यक्तीचे निदान करता येत नाही. त्यासाठी बालपणीचा विकास ठाऊक असावा लागतो आणि कॅव्हेंडिश यांच्या बालपणाची माहिती जुजबी आहे. पराकोटीचा संकोच किंवा सामाजिक भीती असेही त्यांच्या वागण्याचे स्पष्टीकरण देता येते. तरीही या चर्चेतून एक फरक पडला आहे. जे वर्तन पूर्वी तुसडेपणा, स्त्रीद्वेष किंवा काळजाचा कोरडेपणा म्हणून नोंदले जाई, त्याकडे आता गोंगाट, नजर आणि अनपेक्षित प्रसंग यांचा ताण आवरण्याची व्यवस्था म्हणूनही पाहिले जाते. चिठ्ठ्या, मागचा जिना, एकच पोशाख आणि ठरलेली वाट या व्यवस्थेमुळे त्यांची शक्ती प्रयोगांसाठी उरली असावी. स्वमग्न माणसाला सोबत नकोच असते, हा समज तर त्यांच्या भोजनमंडळातील हजेरीशी मुळीच जुळत नाही.

कॅव्हेंडिश यांच्या उदाहरणाने उलट दिशेचा एक गैरसमजही पोसला गेला आहे: प्रत्येक स्वमग्न व्यक्ती छुपी प्रतिभावंत असते. बहुसंख्य स्वमग्न प्रौढांना दोन घरे, प्रयोगशाळा आणि हुकमाचे पालन करणारे नोकर लाभत नाहीत. त्याच शतकातील स्कॉटलंडच्या बोर्ग येथील जमीनदार ह्यू ब्लेअर यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांचे वागणेही चमत्कारिक मानले जाई. धाकट्या भावाने वारशासाठी कज्जा केला आणि १७४७ मध्ये एडिंबरा येथील न्यायालयाने ब्लेअर यांना विवाहाला संमती देण्यास असमर्थ ठरवून त्यांचे लग्न रद्द केले. रॅब ह्यूस्टन आणि उटा फ्रिथ यांनी त्या खटल्याची कागदपत्रे अभ्यासून ब्लेअर हे स्वमग्न होते असा निष्कर्ष २००० मध्ये मांडला. कॅव्हेंडिश यांच्या सवयींवर लोक हसले, पण त्यांच्या मालमत्तेवर किंवा निर्णयांवर हक्क सांगायला कोणी न्यायालयात गेले नाही. यात स्वभावांतील आणि क्षमतांतील फरकाचा वाटा आहे, तसाच ड्यूकच्या घराण्याचाही आहे.

स्मृती

केंब्रिज विद्यापीठातील कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी देणगी देणारे डेव्हनशरचे सातवे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश हे त्याच घराण्यातील होते आणि तिचे पहिले प्राध्यापक मॅक्सवेल होते. चंद्रावरील एका विवराला कॅव्हेंडिश यांचे नाव दिलेले आहे.

त्यांचे परिचित चित्र विल्यम अलेक्झांडर या चित्रकाराचे आहे. कॅव्हेंडिश चित्रासाठी बसायला तयार होणार नाहीत हे ठाऊक असल्याने अलेक्झांडर यांना भोजनमंडळात पाहुणा म्हणून बोलावण्यात आले. त्यांनी कोट आणि टोपी खुंटीवर टांगलेली असताना रेखाटली, चेहरा जेवणाच्या टेबलावरून चोरून टिपला आणि नंतर दोन्ही जुळवले. चित्रात कॅव्हेंडिश कोणाकडेही न पाहता घाईघाईने चालत निघालेले दिसतात. हे चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तर त्यांची शास्त्रीय हस्तलिखिते डर्बीशरमधील चॅट्सवर्थ या घराण्याच्या निवासस्थानी जतन केलेली आहेत.